गृहस्थ, मेस्त्री आणि जुनी मोटारसायकल

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा दोनच गोष्टींची नोंद ठेवतात: यंत्र प्रथम कोणीं शोधून काढिलें ही एक, आणि तें बाजारांत किती खपलें ही दुसरी. शोध आणि खप यांच्या पुढें यंत्राचें जें दीर्घ आयुष्य असतें, त्यांत तें कितीदां बिघडलें, कोणीं उघडलें, कशानें साफ केलें आणि पुन्हां कसें चालू झालें, याची वार्ता इतिहासाच्या पोथींत सहसा सांपडत नाहीं. वास्तविक यंत्र घडविण्यास कारखान्यांत थोडेच दिवस लागतात, आणि तें जगविण्यास घरांत चाळीस-पन्नास वर्षें खर्चीं पडतात. बारशाचें साग्र वर्णन करून संगोपनाविषयीं मौन धरणाऱ्या चरित्रकारासारखी ही तऱ्हा झाली. प्रस्तुत लेखांत ही उणीव एका लहानशा क्षेत्रापुरती भरून काढण्याचें आम्हीं योजिलें आहे. जुनी मोटारसायकल घरच्या घरीं दुरुस्त करण्याची जी चाल आपल्या देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रुजली, ती कशी उत्पन्न झाली, कोणाच्या आधारानें वाढली, आणि आज ती ओसरत असतां तिजबरोबर काय जात आहे, इतकाच आमचा विषय आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. परंतु सुशिक्षित गृहस्थाचा हात आणि त्याची विद्या यांचा परस्परसंबंध काय असावा, हा आपल्या समाजाचा जुना प्रश्न या तेलकट विषयाच्या पोटांत दडलेला आहे. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

१८८५ सालीं जर्मनींत गोट्लीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसवून तें दुचाकी वाहन चालविलें. १८९४ सालीं म्यूनिक शहरांत हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर यांनीं अशीं वाहनें विक्रीसाठीं तयार करण्यास आरंभ केला. इंग्लंडांत रेडिच या गांवीं सुया करण्याचा मोठा धंदा होता; तेथील एका सुयांच्या कारखान्यांतूनच क्रमाक्रमानें सायकली, आणि १९०१ सालीं रॉयल एनफील्ड या नांवाची पहिली मोटारसायकल बाहेर पडली. या आरंभींच्या वाहनांत चालविणारा आणि दुरुस्त करणारा असे दोन निराळे मनुष्य कल्पिलेलेच नव्हते. इंजिनास तेल पोंचविण्याचा पंप स्वार हातानें दाबीत असे. तो किती वेळानें दाबावा हें रस्त्याचा चढ, हवेची उष्णता आणि धुराचा रंग पाहून त्यानें स्वतःच ठरवावें, अशी व्यवस्था होती. चामड्याचा पट्टा सैल पडला कीं वाटेंत थांबून तो तोडून जोडावा लागे. ठराविक मैलांनंतर इंजिनाचें डोकें उतरवून आंत साचलेला काळा थर खरवडणें आणि व्हॉल्व्ह घासून पुन्हां बसविणें, हें घोड्याला खरारा करण्याइतकेंच नित्याचें काम समजलें जाई. त्या काळचें एक प्रसिद्ध इंजिन-तेल एरंडेलापासून होत असे, आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच त्याचें ‘कॅस्ट्रॉल’ असें नामकरण झालें. आपल्याकडे जें तेल पोरांच्या पोटासाठीं फडताळांत ठेवीत, तेंच विलायतेंत यंत्राच्या पोटांत जात होतें, ही मौज लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

हिंदुस्थानांत हें वाहन साहेबाबरोबर आलें. लष्करी अधिकारी, चहाच्या मळ्यांचे व्यवस्थापक, कांहीं संस्थानिक आणि मोठ्या शहरांतील हौशी श्रीमंत यांच्यापुरताच आरंभीं त्याचा प्रसार होता. दुसऱ्या महायुद्धांत बी. एस. ए., नॉर्टन, मॅचलेस इत्यादि ब्रिटिश कारखान्यांच्या लष्करी मोटारसायकली हजारोंनीं तयार झाल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कांहीं लष्करी विक्रींतून सामान्य माणसाच्या हातीं आल्या. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळें आयातीवर कडक निर्बंध आले. तेव्हां विलायती वाहन ज्याच्याकडे होतें, त्याच्यापुढें दोनच मार्ग राहिले: तें भंगारांत घालावें, अथवा सुटा भाग येथेंच घडवून घेऊन तें चालू ठेवावें. मुंबईचा चोरबाजार किंवा मद्रासेंतील पुदुपेट्टै अशा ठिकाणीं जुन्या सुट्या भागांचे जे ढीग साचले, ते या दुसऱ्या मार्गानें जाणाऱ्यांच्या गरजेंतूनच होत.

यानंतर देशांतच मोटारसायकली होऊं लागल्या. सरहद्दीवर गस्त घालण्यासाठीं लष्करानें रॉयल एनफील्डची ‘बुलेट’ पसंत केली. तिच्यासाठीं १९५५ सालीं रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीनें एनफील्ड इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें तिचा कारखाना उभा राहिला. आरंभीं विलायतेहून आलेले भाग येथें केवळ जोडीत असत. पुढें सगळें यंत्रच येथें होऊं लागलें. १९६० सालीं म्हैसूर येथें आयडियल जावा ही कंपनी निघाली आणि चेकोस्लोव्हाकियांतील जावा मोटारसायकल तेथें होऊं लागली. तीच पुढें ‘येझ्दी’ या नांवानें विकली गेली. फरीदाबाद येथील एस्कॉर्ट्स कंपनीनें एका पोलिश नमुन्यावरून ‘राजदूत’ काढली. या तीन नांवांनीं आपल्या मध्यमवर्गाची तीन-चार दशकें व्यापिलीं.

येथें इतिहासाचा एक विलक्षण योग घडून आला. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ सालीं बंद झाला, आणि थोड्याच वर्षांत ती कंपनीही लयास गेली. परंतु तिची बुलेट मद्रासेंत तशीच होत राहिली. सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वद मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ घनसेंटिमीटरचें ओतीव लोखंडी इंजिन, त्याच्या पोटांतच तेलाची टाकी, निराळा गिअरबॉक्स, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक, हा तिचा सांचा थोड्याफार फरकानें अर्धे शतक टिकला. १९७७ पासून तर ती उलट इंग्लंडांत जाऊं लागली; आजोबांचा वाडा पडल्यावर नातवानें परगांवाहून जुनें देवघर परत आणावें, तसा हा प्रकार झाला. एवढ्या दीर्घ काळ एकच यंत्र होत राहिल्याचा परिणाम असा कीं, बापाच्या गाडीचा भाग मुलाच्या गाडीस चाले, आणि बापानें शिकलेली युक्ति मुलाला जशीच्या तशी उपयोगी पडे. ज्ञान वंशपरंपरेनें चालण्यास त्याचा विषय स्थिर असावा लागतो. स्पर्धेच्या अभावीं आणि परवानापद्धतीच्या कृपेनें हा स्थिरपणा अनायासें लाभला. तो दूरदृष्टीचा परिणाम होता असें म्हणणें खोटें होईल. परंतु त्याचें फळ खरें होतें.

या फळाचें स्वरूप नीट कळावें म्हणून दोन-चार कामें तपशिलानें पाहूं. बुलेटच्या टॅपेटची जुळणी हें त्यांतील एक. इंजिन थंड असतां पिस्टन वरच्या टोंकास आणावयाचा, बाजूचें झांकण काढावयाचें, आणि आंतील दोन्ही पुशरॉड बोटांनीं फिरवून पहावयाचे. ते सहज फिरले पाहिजेत, परंतु वरखालीं मुळींच हलतां कामा नयेत. येथें मापाची पट्टी नाहीं. बोटाच्या अग्रास जें जाणवतें तेंच माप. उलट, कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट मात्र फीलर गेजच्या पातळ पात्यानें मोजावी लागते. ती साधारण पस्तीस ते चाळीस शतांश मिलिमीटर असावी असा नियम आहे. एकाच यंत्रांत एक काम स्पर्शाचें आणि दुसरें मापाचें. ज्यास दोन्ही साधलीं त्याची गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होई. किक मारणें हेंही एक शास्त्रच होतें. दिव्याच्या घरावर बसविलेल्या अँमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत डीकंप्रेसरची कळ दाबून इंजिन हलकेंच फिरवावयाचें, मग कळ सोडून एकच भरदार किक द्यावयाची. घाई करणाऱ्याच्या पोटरीवर किक उलटून आपटे आणि पुढच्या वेळीं तो घाई करीत नसे.

जावाचें तंत्र निराळें. तिचें इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे व्हॉल्व्ह नाहींत आणि तेलाची निराळी टाकीही नाहीं. पेट्रोलांतच तेल मिसळावें लागे. तेल कमी पडलें तर पिस्टन धरे, अधिक झालें तर प्लग काळा पडे आणि सायलेन्सरांत काजळीचा थर बसे. म्हणून सायलेन्सर उतरवून आंतील जाळी साफ करणें हें तिच्या मालकाचें ठराविक व्रत होतें. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा तिला एकच होता. गाडी सुरू झाली कीं तोच दांडा पुढें कलवून गिअर टाकावयाचा. विलायती वंशाच्या जुन्या बुलेटला इंची पाना लागे आणि चेक वंशाच्या जावाला मिलिमीटरचा. ज्या घरांत दोन्ही गाड्या असत, तेथें पान्यांच्याही दोन पेट्या असत, आणि चुकीचा पाना बळेंच लावून नटाचे कोपरे झिजविणारास वडील माणसें जे शब्द ऐकवीत ते येथें लिहिण्यासारखे नाहींत.

या सर्व कामांस लागणारी सामग्री पाहिली तर ती बहुतेक स्वयंपाकघरांतून आणि अडगळींतून आलेली दिसते. भाग धुण्यास रॉकेल, ते ठेवण्यास जुनी परात, पुसण्यास धोतराची किंवा लुगड्याची चिंधी, आणि बारीक नट हरवूं नयेत म्हणून आगपेटीची रिकामी पेटी. उघडलेले भाग ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें वर्तमानपत्रावर मांडून ठेवावयाचे, म्हणजे उलट क्रमानें बसवितां येतात. ही साधी पद्धति म्हणजे तर्कशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे असें आमचें मत आहे. बिघाड शोधण्याची रीतही तशीच. ठिणगी येते काय, पेट्रोल पोंचतें काय, दाब आहे काय, हे तीन प्रश्न क्रमानें विचारावयाचे. एकाचें उत्तर मिळाल्याविना दुसऱ्यास हात घालावयाचा नाहीं. ज्या वर्गाचें शिक्षण बहुतांशीं घोकंपट्टीवर झालें, त्याला कार्यकारणभावाची प्रत्यक्ष ओळख या अंगणांतल्या परातीनें करून दिली, असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

आतां या कथेची जी बाजू घरांतील आठवणींत बहुधा गाळली जाते, तिच्याकडे वळूं. आपल्या पांढरपेशा वर्गानें हातांनीं करावयाच्या कामास कमी लेखलें, हें सर्वश्रुत आहे. लोहार, सुतार, तांबट यांची विद्या ही विद्याच नव्हे, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. मोटारसायकलीनें या समजुतीस एक चमत्कारिक भगदाड पाडलें. कचेरींत कारकुनी करणारा, शाळेंत शिकविणारा, बँकेंत आंकडे मांडणारा गृहस्थ रविवारीं बाह्या सरसावून अंगणांत उकिडवा बसूं लागला, आणि नखांत शिरलेलें काळें ग्रीस सोमवारपर्यंत न निघालें तरी त्याची त्यास लाज वाटेनाशी झाली. हा बदल लहान नव्हे. परंतु हें ज्ञान त्याला मिळालें कोठून? छापील पुस्तिका इंग्रजींत असे आणि तींत सरळ प्रकरणें तेवढीं असत. नट गंजून बसला तर काय करावें, आटे गेले तर काय करावें, मूळ भाग मिळत नसेल तर दुसरा कोणता चालेल, हें तींत नसे. हें सांगणारा मनुष्य म्हणजे नाक्यावरचा मेस्त्री. त्याच्या दुकानांत उभें राहून, त्याचे हात पाहून आणि त्याला प्रश्न विचारूनच गृहस्थ शिकला. ज्या कामास लेथ लागे तें तर घरीं होणें शक्यच नव्हतें. बोअर वाढविणें, क्रँक उघडून पुन्हां जुळविणें, आटे नव्यानें पाडणें यांसाठीं कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणच्या कारागिरांकडेच जावें लागे. या कारागिरांपैकीं पुष्कळांनीं शाळेचें तोंड फारसें पाहिलें नव्हतें. उस्तादाच्या हाताखालीं झाडलोट करीत आणि पाने पुशीत ते शिकले होते.

म्हणून ‘घरची दुरुस्ती’ हा शब्दच पुरता खरा नाहीं. ती अर्धी घरची आणि अर्धी गल्लीची होती. गृहस्थाच्या दृष्टीनें ती हौस होती; मेस्त्रीच्या दृष्टीनें तीच पोटाची भाकर होती. गृहस्थानें रविवारीं दोन तास काम करून जो आनंद मिळविला, त्याचें वर्णन तो मुलांस करी. मेस्त्रीनें सहा दिवस दहा-दहा तास तेंच काम केलें, त्याच्या आनंदाची किंवा पाठदुखीची विचारपूस कोणी केली नाहीं. त्याच्या हाताखालच्या पोरांचें बालपण त्या दुकानांतच संपलें, हेंही विसरतां कामा नये. गृहस्थाच्या हाताला काळें लागल्यानें हस्तव्यवसायाची प्रतिष्ठा वाढली खरी. पण ती गृहस्थाच्या हातापुरती वाढली, मेस्त्रीच्या हातापर्यंत पोंचली नाहीं. आमच्या मतें या इतिहासांतील हेंच खरें शल्य आहे.

पुढें काळ पालटला. ऐंशीच्या दशकांत जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें शंभर घनसेंटिमीटरच्या हलक्या मोटारसायकली आल्या. १९८५ सालची हिरो होंडाची गाडी त्यांत विशेष गाजली. त्या पेट्रोल कमी पीत, सहसा बिघडत नसत, आणि बिघडल्या तर कंपनीच्या दुकानांत नेल्या जात. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. धुरावरील निर्बंध उत्तरोत्तर कडक होत गेले. बुलेटचें जुनें लोखंडी इंजिन २०१० च्या सुमारास कारखान्यांतून निवृत्त झालें. २०२० सालच्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागीं बहुतेक इंधन-इंजेक्शन आलें, आणि बिघाड शोधण्याचें काम बोटांकडून निघून संगणकाकडे गेलें.

या बदलाबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. जुन्या गाड्यांच्या ब्रेकांवर भरंवसा ठेवणें कठीण होतें. टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरानें शहरांची हवा बिघडविली. आणि सुट्या भागासाठीं महिनोन् महिने वाट पहावी लागणें ही कांहीं संस्कृति नव्हे, ती टंचाई होती. टंचाईला सद्गुण मानून तिची आरती ओवाळूं नये. तथापि टंचाईनें नकळत जी एक संवय लावली ती मोलाची होती. वस्तु बिघडली म्हणजे ती मेली असें नव्हे, आणि जी वस्तु आपण वापरतों तिचें अंतरंग समजून घेण्याचा आपणांस अधिकार आहे, ही ती संवय होय. टंचाई गेली हें बरें झालें. तिच्या मागोमाग ही संवय जावी हें बरें नाहीं.

जुन्या वाहनांविषयीं शासनानेंही आतां विचार केला आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून निराळें नोंदवितां येतें. प्रथम नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, आणि असें वाहन रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. वारसा जपण्याचा हेतु चांगला आहे. परंतु ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांवर थोडा विचार केला पाहिजे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षूनें ग्रीक राजा मिलिंद याला रथाविषयीं प्रश्न केले आहेत: रथ म्हणजे त्याचा कणा काय, चाकें काय, कीं जूं काय? यांपैकीं एकही रथ नव्हे, आणि यांवेगळाही रथ नाहीं. जुन्या मोटारसायकलीला हेंच लागू पडतें. जिचा पिस्टन तीनदां बदलला, जिची केबल दुसऱ्याच गाडीची आहे, जिचा आटा उद्यमनगरांत नव्यानें पाडला, ती गाडी मूळची कीं नव्हे? प्रदर्शनांत चकचकीत उभी राहणारी गाडी आणि पन्नास वर्षें रोज चाललेली गाडी यांत अधिक खरी कोणती, असें विचारल्यास आम्ही दुसरीकडे बोट दाखवूं. तिच्या अंगावरचें प्रत्येक ठिगळ म्हणजे कोणा एका हाताची सही आहे. तीं ठिगळें काढून, परदेशांतून मूळचे भाग आणून, तिला पुन्हां कारखान्यांतल्याप्रमाणें कोरी करणारे हौशी लोक तिचा जन्म परत मिळवितात, पण तिचें चरित्र पुसून टाकतात.

हें चरित्र अद्याप संपलेलें नाहीं, हें मात्र समाधानाचें आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची प्रथा पडली. इथेनॉल हवेंतील पाणी ओढून घेतें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर त्यानें खराब होतात. यावर उपाय शोधण्याचें काम आज पुन्हां अंगणांत आणि नाक्यावरच्या दुकानांत चाललें आहे: टाकींत पेट्रोल फार दिवस सांठवूं नये, कार्बोरेटर रिकामा करून गाडी ठेवावी, जुन्या नळीच्या जागीं इथेनॉल सोसणारी नळी घालावी. सत्तर वर्षांपूर्वीं जें ज्ञान टंचाईनें जन्मास घातलें, त्यालाच आज नव्या इंधनानें नवी पालवी फोडली आहे.

हें ज्ञान टिकवावयाचें तर तें लिहून ठेविलें पाहिजे, आणि तेंही मराठींत. पाना, पक्कड, आटा, चाप, हे शब्द अद्याप जिवंत आहेत. ज्यांच्या तोंडीं ते आहेत ते मेस्त्री आतां वृद्ध झाले आहेत, आणि त्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत गेलीं आहेत. आपल्या संशोधन-मंडळांनीं बखरी, मोडी दफ्तरें आणि ताम्रपट यांसाठीं जो उद्योग केला त्याबद्दल आम्हांस आदरच आहे. पण ज्या माणसाचें सगळें दफ्तर त्याच्या बोटांत सांठविलेलें असतें, त्याच्याकडे वही घेऊन जाण्याचें आम्हां सुशिक्षितांपैकीं किती जणांनीं मनांत आणिलें? गाडी अडली म्हणून त्याच्या दारीं आपण पुष्कळदां गेलों. आतां गाडी चालू असतांना एकदां जावें. त्यानें आपल्यास जें शिकविलें तें त्याच्या नांवानिशीं लिहून घ्यावें, आणि मग त्या ज्ञानास घरचें म्हणावें.